आरटीके जीपीएस रोव्हर, सव्वा वर्षाचा अनुभव: मशिन चांगलं, पण सोलापुरात मार्चच्या संध्याकाळी वेळ बघून काम काढा

मी सोलापुरात खाजगी मोजणीची कामं करतो, लेआउट, पाइपलाइन, ठिबकची आखणी, कधीकधी दोघा भावांनी समजुतीनं बोलावलं तर वाटणीच्या खुणा. गेल्याच्या आधीच्या दिवाळीत मल्टीबँड आरटीके रोव्हरचा सेट घेतला, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून सेंटीमीटरपर्यंत जागा सांगणारं मोजणीचं मशिन. बेस एका जागी उभा ठेवायचा, रोव्हर पोलवर घेऊन फिरायचं, आणि दोघांच्या वजाबाकीतून चूक काढायची. बेस आणि रोव्हर दोन्ही, कंट्रोलर आणि कार्बनचा पोल धरून जीएसटीसकट सव्वातीन लाखाला पडला. माझ्यासारख्यासाठी ही रक्कम लई मोठी आहे म्हणून सव्वा वर्ष रोज वापरून मगच लिहायला बसलोय. कंपनीचं आणि डीलरचं नाव लिहीत नाही, कारण ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला ती कुठल्याही कंपनीच्या मशिनला होतेच, एकट्याचं नाव घेतलं तर ते बरोबर होणार नाही. आता परत मार्च आलाय, उन्हामुळं सगळेजण संध्याकाळी काम काढायला लागलेत, म्हणून हे आत्ताच वाचलं तर उपयोगाचं.

आधी चांगलं सांगतो. सकाळी मोकळ्या रानात मशिन सुरू केल्यावर मिनिटाच्या आत फिक्स (सेंटीमीटरपर्यंत भरवशाची जागा) मिळतो, तिशीच्या आसपास उपग्रह दिसतात, जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू सगळे पकडतो. ठरलेल्या खुणेवर परत जाऊन बघितलं तर दीड-दोन सेंटीमीटरच्या आत येतो. पोल तिरका धरला तरी टिल्टमुळं पॉइंट नीट घेता येतो, विहिरीच्या कठड्याला आणि कुंपणाच्या कोपऱ्याला याचा फार फायदा होतो. बॅटरी आपल्या ४२ डिग्रीच्या उन्हातही दिवसभर पुरते, कंट्रोलर मात्र तापतो, त्यावर ओला रुमाल टाकावा लागतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या सीओआरएसचं (कायम चालू असलेल्या त्यांच्या बेस स्टेशनांचं जाळं) करेक्शन मोबाइलच्या नेटवरून घेता येतं, म्हणजे जवळच्या कामाला बेस न लावताही चालतं. एवढं सगळं डीलरनं सांगितलं होतं तसंच निघालं.

अडचण आली ती मार्चमधे मंगळवेढ्याच्या बाजूला. तिकडचं रान ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, काळी जमीन, ज्वारी काढून झालेली, डोळ्याला लांबपर्यंत एक झाड नाही, वर आभाळ स्वच्छ. म्हणजे जीपीएसला याच्यापेक्षा चांगली जागा जिल्ह्यात मिळणार नाही. दोघा भावांच्या वाटणीच्या खुणा लावायच्या होत्या, एक भाऊ एमआयडीसीत कामाला, तो संध्याकाळी सहाशिवाय येऊ शकत नव्हता, म्हणून साडेसहाला सुरुवात केली. पहिले चार दगड झकास बसले. सूर्य मावळला, बॅटऱ्या लावल्या, आणि पावणेआठला पाचव्या दगडावर स्क्रीनवरचा हिरवा फिक्स जाऊन केशरी फ्लोट (जागा नुसती अंदाजे) आला. उपग्रह कमी झाले असं नाही, आकडा २६ दाखवत होता, पण सिग्नलच्या पट्ट्या अशा वरखाली व्हायला लागल्या की जणू कुणी हातानं हलवतंय. दक्षिणेकडच्या उपग्रहांच्या पट्ट्या आधी हलायला लागल्या, मग डोक्यावरच्या. उपग्रहाच्या दोन फ्रिक्वेन्सी, एल१ आणि तिच्याहून कमी एल२, त्यातली एल१ ची पट्टी टिकून राहायची आणि एल२ ची गायब व्हायची. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं शांत, फिक्स परत, आम्ही परत सुरू, दोन दगड झाले की परत गेलं.

मधे एकदा मशिननं फिक्स दाखवला तेव्हा मी दगड लावला, आणि शंका आली म्हणून चौथ्या दगडावर, जो तासाभरापूर्वी लावला होता, परत पोल ठेवून बघितला तर तोच दगड आता ३५ सेंटीमीटर पूर्वेला दाखवत होता. थोरला भाऊ माझ्या मागं उभा होता, म्हणाला, "साहेब, दगड तर जागेवरच हाय, मग हे कसं सरकतंय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. बांधाच्या एका वितीवरून आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात हे मी रोज बघतो, ३५ सेंटीमीटर म्हणजे दीड वीत. काम तिथंच थांबवलं, अंधारातल्या सगळ्या खुणा उपटून टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येऊन परत लावून दिल्या. पहिले चार दगड सकाळी दोन सेंटीमीटरच्या आत जुळले.

डीलरकडं गेलो. त्याच्या टेक्निशियननं आधी विचारलं की जवळ हायटेन्शनची तार होती का, नव्हती. मग म्हणाला फर्मवेअर, म्हणजे मशिनच्या आतलं सॉफ्टवेअर, जुनं आहे, अपडेट करून देतो दादा. एका दुपारी अपडेट करून दिलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी केगावच्या बाजूला मुद्दाम रात्री अकरापर्यंत मशिन लावून बसलो, एकदाही फिक्स गेला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही नाही. मी डीलरला फोन करून मनापासून आभार मानले. तिसऱ्या दिवशी पावणेआठला परत तेच सुरू. मग अँटेना खराब आहे असं ठरलं, सेट पुण्याला गेला, बारा दिवस तिकडं राहिला, तपासणीचे चार हजार लागले, आणि "सर्व काही ओके" असा रिपोर्ट लावून परत आला. बारा दिवस भाड्याचं मशिन घेऊन कामं केली आणि भाड्याचं मशिनही, दुसऱ्या कंपनीचं, संध्याकाळी तेच करत होतं. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की दोष मशिनमधे नाही.

पॉलिटेक्निकला आम्हाला सर्व्हे शिकवणारे सर आता रिटायर झालेत, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी माझी नोंदवही बघितली, वेळा बघितल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला की मार्चच्या आधी डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी असं झालं होतं का. नव्हतं झालं. म्हणाले, "मग मशिनला काय विचारतोस, आभाळाला विचार." त्यांनी जे समजावलं आणि नंतर मी स्वतः वाचलं ते इथं लिहितो, कारण हे कुठल्याच डीलरनं मला सांगितलं नाही आणि सव्वातीन लाख देणाऱ्याला ते माहीत असायलाच पाहिजे.

शाळेत आयनांबर शिकलो होतो, उन्हानं हवेतले अणू फुटून विजेचे कण तयार होतात तो थर. जीपीएसचे उपग्रह २० हजार किलोमीटरवर असतात, त्यांचा सिग्नल या थरातून येतो आणि येताना रेंगाळतो. सरळ उभ्या रेषेत एक चौरस मीटरच्या खांबात जेवढे इलेक्ट्रॉन असतात त्याचं एक माप आहे, त्याच्या प्रत्येक एककामागं एल१ वर १६ सेंटीमीटरची चूक येते. सूर्य जोरात असलेल्या वर्षात आपल्याकडं दुपारी हे माप १०० च्या घरात जाऊ शकतं, म्हणजे १६ मीटर. पण थर गुळगुळीत असेल तर बेस आणि रोव्हर दोघांना ही चूक सारखीच होते आणि वजाबाकीत निघून जाते, म्हणून दिवसा काही कळत नाही. भानगड होते ती थर गुळगुळीत न राहिल्यावर.

चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथं पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला आडव्या असतात ती रेषा, आपल्या देशात तिरुनेलवेली-तिरुवनंतपुरमच्या भागातून जातं, म्हणूनच १९६३ साली पहिलं रॉकेट सोडायला तिरुवनंतपुरमजवळचं थुंबा निवडलं होतं. सोलापूर तिथून उत्तरेला हजारएक किलोमीटरवर आहे. दिवसभर तिथल्या आयनांबरात पूर्वेच्या दिशेचं विद्युत क्षेत्र असतं, त्यामुळं विजेचे कण वर उचलले जातात आणि मग चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना, उत्तरेला भोपाळ-अहमदाबादच्या बाजूला, घसरून तिथं ढीग होतो. आपण त्या वाटेच्या मधोमध बसलोय. रात्री हे क्षेत्र उलटं म्हणजे पश्चिमेला होतं. पण उलटं होण्याच्या आधी, सूर्य मावळताना, ते एकदा जोरात पूर्वेलाच उसळी मारतं. कारण असं की शंभरएक किलोमीटरवरचा खालचा थर अंधार पडला की पटकन विरतो आणि तीनशे किलोमीटरवरच्या थराला अजून अर्धाएक तास ऊन मिळत असतं. दिवसा खालचा थर वरच्या थरातल्या विजेला वाट करून देतो, ती वाट बंद झाली की तिथं वाऱ्यानं तयार होणारं क्षेत्र एकदम वाढतं आणि अख्खा वरचा थर झपाट्यानं उंच जातो.

आता वर दाट थर आणि खाली जवळजवळ मोकळं. घरी पिठलं रटरटताना बघा, वर घट्ट, खालून हलकं वर येऊ बघतं, एखाद्या ठिकाणी फुटतं आणि बुडबुडा थेट वर येतो. अगदी तसंच तिथं होतं, फक्त बुडबुडा शंभरएक किलोमीटर रुंद आणि चुंबकीय रेषांना धरून उत्तर-दक्षिण हजारो किलोमीटर लांब. विषुववृत्तावर तो जितका उंच चढेल तितकी त्याची टोकं उत्तरेला लांब पोचतात, फार उंच गेला नाही तर सोलापूरपर्यंत येतच नाही. आत इलेक्ट्रॉन फार कमी, कडा ओबडधोबड, त्यातून सिग्नल गेला की ताऱ्यासारखा लुकलुकतो. लुकलुक कमी फ्रिक्वेन्सीवर जास्त, म्हणून एल२ आधी सुटतो. आणि हे बुडबुडे रात्री सेकंदाला साधारण १०० मीटर वेगानं पूर्वेकडं सरकतात. हिशोब करा, शंभर किलोमीटरचा बुडबुडा डोक्यावरून जायला सोळा-सतरा मिनिटं लागणार. माझ्या वहीत फिक्स जाऊन परत यायची वेळ पंधरा ते वीस मिनिटंच लिहिलेली होती. ते वाचलं तेव्हा मी वही उघडून कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

हे खरंच डोक्यावरून जातं का ते बघायची एक सोपी पद्धत सरांनी दाखवली. गगन, म्हणजे जीपीएसची चूक सुधारून सांगणारी आपल्या देशाची सेवा, तिचे उपग्रह भूस्थिर आहेत, आभाळात एकाच जागी उभे, त्यातला १२८ नंबरचा आपल्याला दक्षिणेला चांगला उंच दिसतो. तो हलत नाही, झाड नाही, घर नाही, मग त्याची पट्टी नाचायला लागली तर मधे काहीतरी आलंय हे नक्की. मी आता संध्याकाळी तीच पट्टी बघून काम चालू ठेवायचं का थांबवायचं ठरवतो. आणि आपल्या शेजारी कोल्हापूरला भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं शिवाजी विद्यापीठात यंत्रं लावलीत, रात्रीच्या आभाळाचा डोळ्याला न दिसणारा मंद लाल प्रकाश कॅमेऱ्यानं टिपतात, त्यात हे बुडबुडे काळ्या उभ्या पट्ट्यांसारखे पूर्वेकडं सरकताना दिसतात. ते फोटो बघितल्यावर मला मंगळवेढ्याची ती रात्र डोळ्यासमोर आली.

आपल्या भागात हे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला सगळ्यात जास्त, डिसेंबर-जानेवारी आणि जून-जुलैला कमी, आणि सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत जास्त. दर अकराएक वर्षांनी सूर्याचा जोर चढतो, तो आत्ता नुकताच येऊन गेला, अजून पूर्ण उतरलेला नाही.

आता फर्मवेअरचं कोडं. अपडेट झाल्यावर दोन संध्याकाळी फिक्स का टिकला? सरांनी सांगितल्यावर मी त्या तारखांचा केपी काढून बघितला, केपी म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा तीन-तीन तासांचा आकडा, शून्य ते नऊ, पाच किंवा त्याच्या वर गेला की वादळ म्हणतात. अपडेटच्या आदल्या रात्री तो सातवर होता. म्हणजे मोठं चुंबकीय वादळ होऊन गेलेलं आणि त्यानंतर माझं मशिन बिघडायच्या ऐवजी शांत चाललं होतं!

वादळात मशिनला काही होत नाही हे आधी लक्षात घ्या, लोहचुंबक जवळ आणल्यासारखा तो प्रकार नाही. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडं वळलं की ध्रुवाकडचं विद्युत क्षेत्र काही मिनिटांत थेट विषुववृत्तापर्यंत घुसतं. त्या वेळी आपल्याकडं दिवस किंवा संध्याकाळ असेल तर त्याची दिशा पूर्वेची, म्हणजे मावळतीच्या उसळीत भर, थर अजून उंच, बुडबुडे अजून उंच आणि उत्तरेला लांबपर्यंत. हा झाला पहिला परिणाम, ताबडतोबीचा. दुसरा उशिरा येतो. वादळात ध्रुवाकडची हवा तापते, तिथून वारे विषुववृत्ताकडं निघतात, आणि काही तासांनी, अगदी पुढचे एक-दोन दिवसही, ते आयनांबरात उलट दिशेचं क्षेत्र तयार करतात. दिवसा आणि मावळतीला पश्चिमेचं. मग संध्याकाळची उसळी मारलीच जात नाही, थर उंच जात नाही, बुडबुडे फुटत नाहीत. हेच क्षेत्र उत्तररात्री पूर्वेला असतं, त्यामुळं ज्या वेळी सगळं शांत पाहिजे त्या पहाटे कधीकधी बुडबुडे येतात.

याचं गाजलेलं उदाहरण १७ मार्च २०१५ चं. वादळ आपल्या सकाळी सव्वादहाच्या सुमारास सुरू झालं, संध्याकाळी ऐन मावळतीला घुसलेल्या क्षेत्रानं आपल्याकडचा थर जोरात उचलला आणि बुडबुडे मोठे झाले, आणि १८ तारखेच्या संध्याकाळी सगळं दबलेलं. एकच वादळ, दोन संध्याकाळी, दोन उलटे परिणाम. तेव्हा मला कळलं की माझ्या मशिनला फर्मवेअरनं नाही, आदल्या रात्रीच्या वादळानं दोन दिवस शांत ठेवलं होतं. आणि म्हणूनच नुसता केपीचा आकडा बघून "आज वादळ आहे, काम नको" असं ठरवणं चुकीचं, वादळ किती मोठं यापेक्षा आपल्या मावळतीच्या वेळी ते कुठल्या टप्प्यावर आहे ते बघावं लागतं. १० मे २०२४ चं वादळ वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं, लडाखमधे हानलेला आभाळ लाल झालेलं कॅमेऱ्यात आलं, पण आपल्या कामाला प्रश्न तोच, मावळतीला काय चालू होतं.

(महाराष्ट्राचा या विषयाशी फार जुना संबंध आहे, १८५९ चं प्रचंड वादळ मुंबईत कुलाबा वेधशाळेनं मोजून ठेवलं, तिथं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आलं होतं. पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ती मोजणी १९०४ ला अलिबागला हलवली. शाळेत कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.)

उलटा अनुभव ऑक्टोबरात आला. दुपारी तीनलाच केपी सहावर गेला होता आणि मी बार्शी रोडला लेआउटच्या कामावर होतो. या वेळी पंधरा-वीस मिनिटांचा खेळ नव्हता, सातनंतर जे गेलं ते साडेदहापर्यंत धड आलंच नाही, डोक्यावरचे, उत्तरेकडचे सगळे उपग्रह हलत होते. लातूरच्या एका मित्राला फोन केला, त्याचंही तेच. मी सव्वासातलाच काम थांबवलं, मशिन नुसतं बघत बसलो, आणि प्लॉटवाल्यांना सकाळची वेळ दिली, कुणी कुरकुर केली नाही कारण दुपारीच फोन करून सांगून ठेवलं होतं.

आता हे सगळं मशिनच्या हिशोबात. या सेटमधे आयनांबराची लुकलुक दाखवणारी वेगळी खूण नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. सिग्नल इतका हलत असताना मशिननं हिरवा फिक्स दाखवणं धोक्याचं आहे, फ्लोट दाखवलेला परवडतो. कंट्रोलरमधे फिक्सची कसोटी "कडक" करायचं एक सेटिंग आहे, ते आत तिसऱ्या मेनूत लपलेलं, मॅन्युअलमधे एका ओळीत उरकलेलं. ते लावल्यापासून खोटा फिक्स मला एकदाच आला. सोबत उपग्रहांच्या क्षितिजापासूनच्या उंचीची खालची मर्यादा दहाची पंधरा डिग्री करतो, आडव्या येणाऱ्या सिग्नलला आयनांबरातून जास्त लांबची वाट असते. संध्याकाळच्या कामाला सीओआरएस न वापरता स्वतःचा बेस रानातच लावतो. तीस-चाळीस किलोमीटर लांबचा बेस बुडबुड्याच्या एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला असलो तर वजाबाकी चुकते, पाचशे मीटरवरच्या बेसला ते होत नाही. लुकलुकीत सिग्नलच तुटला तर मात्र जवळचा बेसही वाचवत नाही. आणि प्रत्येक हद्दीच्या खुणेवर अर्ध्या तासाच्या अंतरानं दोनदा पोल ठेवतो, दोन्ही वेळा जुळलं तरच दगड पुरतो. वेळ जास्त जातो, जाऊ दे.

सर्व्हिसबद्दल: डीलरची माणसं बोलायला चांगली, फोन उचलतात, बेल्ट-क्लॅम्प-केबल सगळं दुकानात मिळतं. पण तपासणीचे चार हजार आणि माझे बारा दिवस एका प्रश्नानं वाचले असते, "किती वाजता जातं आणि कुठल्या महिन्यात?" हा प्रश्न ना इथं कुणी विचारला ना पुण्यात. मी माझ्या वहीच्या पानांचे फोटो त्यांना नेऊन दिलेत, टेक्निशियन पोरगं हुशार आहे, त्यानं नीट बसून वाचलं आणि आता कुणी संध्याकाळची तक्रार घेऊन आलं तर आधी वेळ लिहून घेतो असं म्हणाला.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो खोट्या हिरव्या फिक्ससाठी, मशिन त्या वेळी मोकळेपणानं "आत्ता भरवसा नाही" म्हणालं असतं तर पाच दिले असते. तुम्ही कुठल्याही कंपनीचा सेट घेणार असाल तर डेमो सकाळी अकराला घेऊ नका, त्या वेळी सगळेच चांगले चालतात. आत्ता मार्चमधे रात्री आठ ते दहाचा डेमो मागा, एकाच खुणेवर दर दहा मिनिटांनी पोल ठेवायला लावा, सोबत त्या दिवसाचा आणि आदल्या दिवसाचा केपी लिहून ठेवा, आणि एका संध्याकाळी चांगलं चाललं म्हणून तिथल्या तिथं चेक फाडू नका, किमान तीन संध्याकाळी बघा.